‘तुम्ही फार टेन्शन घेता, मॅडम’

पत्राचा गोषवारा: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत कर्ज विभाग सांभाळणाऱ्या एका अधिकारी बाईंचं हे पत्र. वय ३६, स्केल वन म्हणजे अधिकाऱ्यांची पहिली श्रेणी. मार्च एंड जवळ आला की त्यांची झोप उडते. थकीत खात्यांची यादी डोक्यात फिरत राहते. फाइलचे कागद त्या तीन-तीनदा तपासतात, आणि रात्री दोनला उठून ‘त्या सातबाऱ्यावर बोजा चढला होता ना?’ हे आठवत बसतात. शेजारच्या टेबलावरचा त्यांच्याच स्केलचा सहकारी फोनवर थकबाकीदारांवर ओरडतो, पाच मिनिटांत चहा मागवून हसतो आणि सहाला घरी जातो. शाखाधिकारी सगळ्यांसमोर म्हणाले, “तुम्ही फार टेन्शन घेता, मॅडम. जरा त्यांच्याकडून शिका.” बँकेच्या प्रशिक्षणातल्या एका चाचणीत त्या ‘अंतर्मुख’ निघाल्या. आता स्केल टूच्या बढतीची प्रक्रिया सुरू होणार आहे, आणि पती म्हणतात, “तुझा स्वभाव असा, कशाला डोक्याला आणखी ताप?” त्या विचारतात: स्वभाव बदलू, की बढतीचा नाद सोडू?

नमस्कार,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटाकडे जाता जाता लिहून टाकलं आहे. ‘ऑडिट लागलं की त्याच्याही फाइल्स माझ्याकडे येतात, कारण मी नीट बघते.’ एवढंच. त्याबद्दल तक्रार नाही की पुढे एक शब्द नाही. तो सहाला निघतो आणि तुम्ही आठपर्यंत बसता, हा स्वभावातला फरक आहे असं तुम्ही धरून चालला आहात. साहेब तसंच धरतात, घरचेही. पण दुसऱ्याच्या फाइल्स बघायला वेळ लागतो, आणि तो तुमच्या दिवसातून जातो. तेव्हा यात स्वभाव किती आणि कामाची वाटणी किती, हे आधी वेगळं करू. बढतीचं त्यानंतर बघू.

स्वभावाचा भाग खोटा नाही, हे सुरुवातीलाच मान्य करते. मानसशास्त्रात स्वभाव मोजायची आज सर्वांत जास्त मानली जाणारी पद्धत पाच गोष्टी बघते: माणूस किती चटकन अस्वस्थ होतो, किती काटेकोर आहे, माणसांत किती रमतो, किती जुळवून घेतो आणि नव्याचं त्याला किती कुतूहल आहे. अस्वस्थ होण्याचा कल ज्यांच्यात जास्त असतो, त्यांना तोच प्रसंग जास्त लागतो आणि ओसरायलाही जास्त वेळ घेतो. झोनल ऑफिसचा एकच मेल दोन टेबलांवर येतो. एका टेबलावर तो वाचून बंद होतो, दुसऱ्यावरून तो घरी जेवणाच्या ताटापर्यंत येतो. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असं दिसतं की माणसामाणसांतल्या अशा फरकांमागे आनुवंशिकतेचा वाटा ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास असतो. त्यामुळे ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगितल्याने कोणाचं टेन्शन गेलंय, हे मला तरी कधी दिसलेलं नाही. दिलासा एवढाच की स्वभाव जन्मभर जागचा हलत नाही असंही नाही. सरासरी पाहिली तर विशी ओलांडल्यावर माणसं वयाबरोबर थोडी कमी अस्वस्थ आणि थोडी जास्त काटेकोर होत जातात.

पण अंतर्मुख असणं आणि काळजी करणं यांची तुम्ही गाठ मारली आहे, ती सोडवा. तुमच्या शाखेत एखादे हेड कॅशियर असतील, दिवसभरात चार वाक्यं बोलणारे, रांग दारापर्यंत गेली तरी त्याच गतीने नोटा मोजणारे. ते अंतर्मुख आहेत आणि शांतही. उलट माणसांत रमणारी, अखंड बोलणारी आणि आतून कायम धास्तावलेली माणसंही आपल्या ओळखीत असतात. शिवाय प्रशिक्षणातल्या त्या लोकप्रिय चाचण्या माणसाला दोनांपैकी एका खणात टाकतात. बहुतेक माणसं मधेच कुठेतरी असतात, आणि काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर खण बदललेला निघणं मुळीच दुर्मीळ नाही. दुपारच्या जेवणानंतरचा तो तास मजेत गेला असेल तर उत्तम. बढतीचा निर्णय त्यावर नको.

आता तुमच्या काळजीकडे वळू. तुम्ही तिला दोष म्हणता. मला तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात, आणि त्यातली एक तुमची पोटापाण्याची विद्या आहे.

अमेरिकेतल्या ज्युली नोरेम आणि नॅन्सी कँटर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली अशा माणसांवर लिहिलं, जी कामाआधी सगळं वाईटात वाईट डोळ्यांसमोर आणतात आणि त्या भीतीच्या जोरावर तयारी करतात. अशांना ‘तुमचं छानच होणार’ असा धीर दिला, तर त्यांचं काम सुधारण्याऐवजी खालावलं. पुढे १९९६ साली नोरेम यांच्याच एका प्रयोगात लोकांना नेम धरून डार्ट फेकायला दिले. त्याआधी काहींना शांत, सुखद दृश्य कल्पून सैल व्हायला सांगितलं, तर काहींना काय चुकेल आणि चुकलं तर कसं सावरू याचा विचार करायला. एरवी बिनधास्त असणाऱ्यांना पहिली रीत मानवली. वाईटाचा आधी विचार करणाऱ्यांना दुसरी मानवली, आणि सैल होण्याच्या रीतीने त्यांचं काम सर्वांत वाईट झालं. तेव्हा ‘त्याच्याकडून शिका’ या सल्ल्यात गडबड आहे. त्याचं औषध त्याला लागू पडतं, म्हणून तुम्हाला पडेल असं नाही.

गॅसवर दूध ठेवून समोर उभी राहणारी बाई आणि ठेवून आत गेलेली बाई यांच्यात घरात गाजते ती दुसरी. तिची धावपळ होते, आरडाओरडा होतो, ओटा पुसला जातो, सगळे हसतात. पहिलीचं दूध उतू गेलं नाही ही बातमी होत नाही. तुमच्या फाइलला सर्च रिपोर्ट, म्हणजे मालमत्तेच्या मालकीचा तपासणी अहवाल, वेळेत लागला, विम्याचं नूतनीकरण झालं, जामीनदाराची सही राहिली नाही, यातल्या एकाही गोष्टीची शाखेत चर्चा झाली नसणार. दिसतो तो तुमचा चेहरा.

त्या काळजीचा दुसरा भाग मात्र निकामी आहे. रात्री दोन वाजता सातबारा उघडता येत नाही, तलाठी फोन उचलत नाही आणि सिस्टीममध्ये लॉग-इन होता येत नाही. त्या वेळची काळजी तयारी करत नाही, नुसती तेच तेच दळत बसते. दुपारी तीनची काळजी ठेवायची आणि रात्री दोनची सोडवायची, एवढंच काम आहे. अख्खा स्वभाव बदलण्यापेक्षा ते बरंच लहान आहे.

आणि तो सहकारी? त्याला टेन्शन नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं? फोनवर ओरडणं हेच त्याचं टेन्शन असू शकतं. तुमचं आत मुरतं, त्याचं बाहेर येतं. त्याचा हिशोब फोनच्या पलीकडच्या शेतकऱ्याच्या नावे पडतो, घरी बायकोमुलांच्या नावे पडत असेल तर आपल्याला कळणार नाही. १९५९ साली फ्रीडमन आणि रोझेनमन या सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन हृदयरोगतज्ज्ञांनी सतत घाईत, सतत चढाओढीत असलेल्या ‘टाइप ए’ माणसांना हृदयविकार जास्त होतो असं मांडलं. कल्पना जगभर गाजली. नंतरच्या अभ्यासांत ती तशीच टिकली नाही. त्यातल्या त्यात तग धरला तो संतापी, वैरभावी वृत्तीच्या मुद्द्याने. ओरडून मोकळं होणारा माणूस तब्येतीने सुरक्षित असतो, असं म्हणायला म्हणूनच आधार नाही.

त्या ‘टाइप ए’च्या गोष्टीचा एक उत्तरार्ध आहे, आणि तुमच्या पत्रासाठी तो जास्त कामाचा. या विषयाच्या संशोधनाला अमेरिकन सिगारेट कंपन्यांनी वर्षानुवर्षं पैसा पुरवला होता. त्यांच्याच अंतर्गत कागदपत्रांतून हे पुढे उघड झालं. कारण सरळ आहे: हृदयविकाराचं खापर माणसाच्या स्वभावावर फोडलं की सिगारेटकडे बोट जात नाही. तुमचे शाखाधिकारी असले कारस्थान करताहेत असं मी म्हणत नाही. ते बिचारे स्वतः रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर वसुलीचे आकडे सांगत असतील. पण ‘मॅडमचा स्वभावच तसा’ म्हटलं की एका टेबलावर दीड माणसाचं काम आहे, हा विषय आपोआप मिटतो. सोयीचं निदान कोणाच्या सोयीचं आहे, ते जरूर बघावं.

रॉबर्ट कॅरासेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ साली नोकरीतल्या ताणाची एक मांडणी केली. कामाची मागणी किती आहे एवढंच बघून भागत नाही. त्या कामावर माणसाचा ताबा किती, तेही बघावं लागतं. मागणी मोठी आणि ताबा कमी, अशा जागी माणूस सर्वांत जास्त पिचतो. कर्ज विभागाचं टेबल याचा नमुनाच आहे. मुदत कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, हा नियम वरून. टार्गेट वरून. हप्ता भरायचा की नाही, हे ठरवणार पाऊस आणि सोयाबीनचा भाव. त्यात कर्जमाफीची नुसती चर्चा सुरू झाली की भरणारेही थांबतात. २०१७ आणि २०१९ च्या कर्जमाफीच्या आगेमागे ज्यांनी वसुली केली त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि फाइलवर सही कोणाची? तुमची. खातं बुडालं तर जबाबदारी निश्चित करताना ती सही शोधली जाते. अशा टेबलावर काटेकोर माणसाची झोप उडत असेल, तर तो परिस्थिती बरोबर वाचतो आहे असंही म्हणता येईल.

मग करायचं काय? महिनाभर एक काम करा. ज्या दिवशी पोटात गोळा येईल, त्या दिवशी वहीत दोन ओळी लिहा: कशामुळे आला, आणि ती गोष्ट कोणाच्या हातात होती. माझ्या, साहेबांच्या, सहकाऱ्याच्या, की पावसाच्या. मनःस्थितीचं वर्णन नको, तारीख आणि खातं पुरे. महिन्याअखेर वही वाचलीत की स्वभावाचा वाटा किती आणि वाटणीचा किती, हे मला विचारावं लागणार नाही. माझा अंदाज असा की सहकाऱ्याच्या नावाच्या नोंदी तुम्हाला वाटतात त्याहून जास्त निघतील. चुकीचा ठरला तर आनंदच आहे.

तीन-तीनदा तपासणं थांबवा असं मी सांगणार नाही, ते तुम्हाला जमणार नाही. तपासणीला शेवट असू द्या. प्रत्येक फाइलच्या आतल्या बाजूला एका पानाची यादी लावा, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे नुसती टिकमार्क न करता पुरावा लिहा. ‘बोजा नोंदवला’ असं मोघम नको. फेरफार क्रमांक आणि तारीख. ‘विमा आहे’ नको. पॉलिसी कधी संपते ते. खाली सही करा. मग रात्री दोनला प्रश्न आलाच, तर त्याला ‘हो, क्रमांक लिहिलाय’ असं उत्तर तयार असतं. नुसत्या आठवणीवर काळजीचं समाधान होत नाही, कारण काळजी आठवणीवरच शंका घेते. लिहिलेल्या आकड्यावर शंका घेणं तिला जड जातं.

निघायच्या आधी दहा मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहा, आणि होईल तेवढी बारीक लिहा. ‘वसुली’ असं नको. कोणत्या खातेदाराला किती वाजता फोन, असं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या २०१८ च्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी अधिक लवकर. प्रयोग लहान होता, पण करून बघायला खर्च शून्य. मी मात्र ती यादी पलंगावर लिहू नका म्हणेन. बँकेतच लिहा, आणि वही ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावा. डोक्यात काही राहिलंच, तर ते उद्या दहा वाजता भेटणार आहे.

साहेबांशी बोलायचं आहे, आणि ते टाळू नका. पण ‘सर, मला फार ताण येतो’ अशी सुरुवात केलीत की ‘तेच तर मी म्हणतोय’ हे उत्तर ठरलेलं. त्याऐवजी एक कागद न्या. माझ्याकडे खाती इतकी, नूतनीकरणं इतकी, गेल्या तिमाहीत दुसऱ्या टेबलाच्या तपासलेल्या फाइल्स इतक्या. आणि म्हणा, “सर, ऑडिटआधी त्या फाइल्स मी बघायच्या असतील तर ते काम माझ्या नावावर लिहून द्या आणि तेवढी वसुलीची खाती तिकडे द्या.” बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: आपल्या चर्चेप्रमाणे असं ठरलं. साहेब नाही म्हणू शकतात. शाखेत माणसंच कमी आहेत, हे त्यांचं उत्तर खरंही असेल. तरी तुमचा स्वभाव सोडून प्रश्न माणसांच्या संख्येवर आला, आणि पुढची चर्चा तिथून होईल.

सहकाऱ्याशी अदलाबदलीचंही बोलून बघा. फोन करणं, दारात जाऊन बसणं, थकबाकीदाराशी तडजोडीची भाषा करणं त्याला आवडतं, तुम्हाला त्याचा शीण येतो. कागद त्याला नकोसे, तुम्हाला त्यात गती. अशा जोड्या चांगल्या चालतात. फक्त एक अट पाळा: जिथे तपासणी तुमची तिथे तुमची सही, जिथे मंजुरीची शिफारस त्याची तिथे त्याची. मैत्रीखातर दुसऱ्याच्या फाइलवर सही करू नका. तुमच्यासारख्या माणसाला त्या एका सहीची शिक्षा वर्षभर पुरते. आणि तो ‘जाऊ दे ना मॅडम’ म्हणाला, तर जाऊ देऊ नका.

तुमच्या पतींना मी दोष देत नाही. बायकोला झोप लागत नाही हे बघून माणूस ‘सोड’ असंच म्हणणार. त्यांना एवढंच सांगा की घरी आल्यावर पंधरा मिनिटं मला बोलू दे, उपाय सांगू नकोस. काही जण बोलून हलके होतात, काहींना आधी तासभर शांतता लागते. घरात दोन तऱ्हेचे लोक असले की हे उघड बोलून ठरवलेलं बरं, नाहीतर एकाचा धीर दुसऱ्याला हेटाळणी वाटतो.

हे पत्र छापायचं ठरवलं, कारण परीक्षेच्या काळातले शिक्षक, रात्रपाळीच्या परिचारिका, डेडलाइनखालचे आयटीवाले यांच्याकडूनही ‘माझंच काहीतरी चुकतंय’ असा सूर सतत येतो. त्यातले काही तुमच्या सहकाऱ्यासारखे असतील. त्यांना सांगणं इतकंच की ताण आला की तुमचा आवाज चढत असेल, तर शांत दृश्य, लांब श्वास, जिन्याने एक फेरी हे उपाय तुमच्यासाठी चांगले आहेत. शेजारच्या टेबलावर ते लादू नका. आणि जे साहेब आहेत त्यांनी चारचौघांत दोन माणसांची तुलना करण्याआधी दोघांच्या टेबलावरचे गठ्ठे मोजावेत.

एक गोष्ट यापेक्षा वेगळी आहे. मार्च सरला, एप्रिल अर्धा गेला, तरी झोप येत नसेल, भूक गेली असेल, बँकेचं नाव काढताच छातीत धडधडत असेल, किंवा आवडीच्या गोष्टीतलं मन उडालं असेल, तर याद्या आणि वह्या बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कामामुळे माणूस पार रिता होणं ही नोकरीशी निगडित स्थिती म्हणून आपल्या वर्गीकरणात नोंदवली आहे, तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही. तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर एप्रिलची वाट बघू नका, आजच फोन करा.

राहिली बढती. ‘वर गेलं की ताण वाढतो’ हे तुमच्या पतींचं गृहीतक ऐकायला पटतं. पण लंडनच्या सरकारी नोकरांवर १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात उलटं दिसलं: सर्वांत खालच्या श्रेणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होते, आणि सिगारेट, रक्तदाब वगैरे धरूनही तो फरक पुरता उलगडला नाही. १९८५ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात कामावरचा कमी ताबा हे त्यामागचं एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. अर्थात लंडनचं मंत्रालय आणि आपली तालुक्याची शाखा यांत पुष्कळ अंतर आहे, आणि स्केल टू म्हणजे लगेच ताबा हातात येतो असंही नाही. बदली होईल. मुलांची शाळा, सासूबाईंचं औषधपाणी, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यांच्यासाठी नाही म्हणालात तर ते पूर्ण रास्त आहे. तेव्हा चौकशी करा: या वर्षी बढती मिळालेल्यांना कुठे पाठवलं, क्रेडिट प्रोसेसिंगचं, म्हणजे कर्जप्रस्ताव तपासायचं, काम मिळू शकतं का, की लहान शाखेचं प्रमुखपद आणि तीन माणसं? नाकारली तर पुन्हा कधी बसता येतं, हे तुमच्या बँकेच्या धोरणात वाचा. क्रेडिट प्रोसेसिंग मिळत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, अर्ज करा. तिथे तुमच्या शंकेखोर नजरेचाच पगार मिळतो. एकटीने चालवायची, टार्गेटवर धावणारी शाखा मिळणार असेल तर मीही एक वर्ष थांबण्याचा विचार केला असता.

अर्ज केलात आणि मुलाखतीत ‘तुमची उणीव काय?’ असं विचारलं, तर ‘मी फार टेन्शन घेते’ हे साहेबांचं वाक्य तिथे म्हणून दाखवू नका. गेल्या तीन वर्षांत तुमच्या फाइल्सवर ऑडिटचे किती आक्षेप निघाले, तो आकडा आताच काढून ठेवा, आणि तो सांगा.